पत्ते संपलेली इमारत

त्या नोटिशीत खोटं असं एक अक्षरही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे इमारतीत जे काही झालं, त्यानंतर लोक नोटीसकाकांबद्दल वाटेल ते बोलले. कोणी म्हणालं त्यांनी अफवा पसरवली, कोणी म्हणालं रिकामपणाचे उद्योग. खरी गोष्ट एवढीच होती की काकांना एक माहिती कळली आणि ती त्यांच्या पोटात राहिली नाही. विम्याच्या कचेरीत पत्रव्यवहार विभागात सगळी नोकरी घालवलेला माणूस. जगातल्या निम्म्या अडचणी लोकांना वेळेवर न कळवल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि उरलेल्या निम्म्या लोक कळवलेलं वाचत नाहीत म्हणून. तेव्हा लिफ्टशेजारच्या काचेच्या फलकावर ते सतत काहीतरी लावत असत. त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

इमारत खोलगट जागेत, चहूबाजूंनी उंच इमारती. मोबाईलची रेंज स्वयंपाकघराच्या खिडकीत एका कोपऱ्यात यायची, तीही मान तिरकी करून उभं राहिलं तर. म्हणून समितीनं सगळ्या इमारतीचं मिळून एक वायफाय घेतलं. प्रत्येक मजल्यावर छताला पांढऱ्या थाळ्या बसल्या आणि त्या सगळ्यांवर हुकमत चालवणारी काळी पेटी खाली मीटरच्या खोलीत बसली. तिला कंट्रोलर म्हणतात. पेटीची देखरेख करायला समितीला कोणीतरी हवं होतं, आणि त्या बैठकीला वेळेवर आलेले नोटीसकाका एकटेच होते. निवड बिनविरोध झाली.

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या.

"काका, माझ्या नणंदेचा फोन जोडलाच जात नाही. ‘पत्ता मिळवत आहे’ एवढंच दाखवतो आणि गोल गोल फिरतो."

काकांनी घरच्या लँडलाईनवरून नेटवर्कवाल्याला फोन लावला. हा गृहस्थ कायम कुठल्या तरी तळघरात असायचा. त्याचं प्रत्येक तिसरं वाक्य हवेत विरून जायचं.

"काका, सोपं आहे," तो म्हणाला. "पेटी प्रत्येक फोनला आकड्यांचा एक पत्ता देते. पत्ता नाही तर नेट नाही. पत्त्यांचा साठा ठरलेला असतो. एकदा दिला की आठवडाभर त्या फोनचा, आणि फोन जोडलेलाच राहिला तर मुदत आपोआप वाढत जाते. पाहुणे येतात, कुरिअरवाले येतात, पत्ता घेऊन निघून जातात. आठवडा झाला की तो आपोआप मोकळा होतो. तुम्ही काही करू नका. नुसतं थां..."

आवाज गेला. जगात असा कुठलाही सल्ला काकांना पाळता आला असता, ‘काही करू नका’ हा सोडून. त्यांनी तडक कागद काढला.

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, आपल्या वायफायवरील पत्ते मर्यादित असून आजमितीस त्यांतील थोडेच शिल्लक आहेत. घाबरून जाण्याचे कारण नाही."

आता ‘घाबरून जाण्याचे कारण नाही’ हे वाचून आजवर कोण घाबरलं नाही? दुसऱ्या दिवशी सकाळपासून इमारतीत कपाटं उघडण्याचे आवाज येऊ लागले. माळ्यावरची खोकी खाली आली. काच तडकलेले, पाठ फुगलेले, बटणं गळालेले फोन लोकांनी शोधून काढले, चार्जरला लावले आणि वायफायला जोडून ठेवले. वापरायचे नव्हतेच. पण उद्या पाहुणा आला, जावई आला, मुलीनं नवा फोन घेतला तर पत्ता नको का? बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं ही. त्यांना फक्त रुमाल कुठून आणायचे तेवढाच प्रश्न होता, आणि तो माळ्यावर सुटला.

वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर भूगोलाचे. त्यांनी तीन फोन, एक टॅबलेट आणि वजनकाटा जोडला.

"वजनकाटा कशाला, सर?" काकांनी विचारलं.

"त्याला जोडायची सोय आहे ना? मग सोडायची कशाला?" प्रोफेसर म्हणाले. "आणि मी सांगतो, दोष पत्त्यांचा नाहीच. थाळीचं तोंड उत्तरेला फिरवा."

"सर, ती थाळी छताला चिकटवलेली आहे. तिला तोंड नाही."

"तेच तर चुकलंय."

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातले जुने फोन घरी आणले. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लेकीच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी एक पत्ता धरला, लग्न ठरायचं होतं तरी. शिल्लक पत्त्यांचा आकडा काका रोज फलकावर लावत होते, पारदर्शकता म्हणून. आकडा जसजसा खाली आला तसतसे आणखी फोन बाहेर आले, आणि आणखी फोन आले म्हणून आकडा आणखी खाली आला. शेवटी फलकावर शून्य लागलं. नोटीसकाकांनी ते शून्य लाल शाईनं काढलं होतं.

घरी तर काकांना चैन म्हणून नव्हती. जेवणाच्या टेबलावर त्यांचा लॅपटॉप सदा उघडा, त्यावर कंट्रोलरचा पडदा, आणि दर घटकेला बोट त्या गोल बाणाच्या खुणेवर. पडदा ताजा करायचा, बघायचं, उसासा सोडायचा, उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा बोट बाणावर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकू अभ्यास करत असायच्या.

"अहो, पाय हलवू नका. टेबल हलतं, माझे आकडे वाकडे येतात."

काकूंचा अभ्यास ही गमतीची गोष्ट नव्हती. संख्याशास्त्राची पदवी शेवटच्या वर्षाला अर्धवट सुटलेली. मग लग्न, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलं, मग मुलांची मुलं. एवढ्या सगळ्यातून वाट काढत त्यांनी पुन्हा नाव घातलं होतं आणि एकच पेपर उरला होता. तो घरून द्यायचा, संगणकावर, कॅमेरा चालू ठेवून. पेपर सुरू करताना नेट नसेल किंवा मध्येच तुटलं, तर पेपर बंद. पुढची संधी वर्षानं. आणि अजून एक वर्ष हे सगळं लांबवायची आपल्यात ताकद नाही, असं काकूंनी एकदा भांडी आवरता आवरता म्हटलं होतं. काकांनी ते ऐकलं होतं.

"मी त्या दिवशी ताईकडे जाते," काकू म्हणाल्या होत्या. "तिच्याकडे नेट चांगलं आहे."

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. काकांना हे फार लागलं.

"अख्ख्या इमारतीचं नेटवर्क ज्याच्या हातात आहे त्याची बायको पेपर द्यायला बहिणीकडे जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत हो. लोक जुने फोन शोधतायत."

"मी शब्द देतो. तू इथेच बस. नेटची जबाबदारी माझी."

काकू बरं म्हणाल्या. काकांनी जन्मात दिलेल्या शब्दांपैकी हा सर्वांत घाईत दिलेला होता.

शब्द दिल्यावर काका कामाला लागले. वायफायच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा, मग संगीत, मग एक गोड आवाज.

"सर, पत्त्यांचा साठा वाढवता येतो. किंवा मुदत आठवड्याऐवजी एका दिवसाची करता येते. अगदी लगेच होईल."

"मग करा की!"

"त्यासाठी अधिकृत व्यक्तीच्या मोबाईलवर एक आकडा जाईल, तो मला सांगा."

अधिकृत व्यक्ती म्हणजे इमारतीचे माजी अध्यक्ष. ते सहा महिन्यांपूर्वी घर विकून मुलीकडे राहायला गेले होते आणि जाताना सगळ्यांशी अबोला धरून गेले होते, पार्किंगच्या खांबावरून. काकांनी मान खाली घालून त्यांना फोन केला. माजी अध्यक्षांनी तो घेतला, खांबाचा विषय पहिल्यापासून पुन्हा मांडला, आणि शेवटी म्हणाले, "तो नंबर मी केव्हाच बंद केला. आता तुमचं तुम्ही बघा." मदतकेंद्र म्हणालं, अधिकृत व्यक्ती बदलायची असेल तर आधीच्या अधिकृत व्यक्तीच्या मोबाईलवर एक आकडा जाईल. काकांनी फोन ठेवला आणि खिडकीपर्यंत जाऊन आले.

मग त्यांनी स्वतःच सफाई करायचं ठरवलं. साठा वाढवायचा अधिकार त्यांना नव्हता, पण एखादं यंत्र काढून टाकायचा होता. पडद्यावर प्रत्येक यंत्राची ओळ असते, ओळीपुढे ‘काढा’ असं बटण. काकांनी संशयित यंत्रं निवडली. ज्यांना धड नाव नाही, ज्यांचा वापर जवळजवळ शून्य, असली. एक यंत्र तर दिवसभर कोणाशी बोलत नव्हतं, मध्येच एक शब्द पुटपुटायचं आणि गप्प. याच्याइतकं फुकटं कोणी नसेल, असं म्हणून काकांनी ते काढलं, आणि पुन्हा आत शिरू नये म्हणून त्याला दरवाजाही बंद केला.

ते यंत्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत होतं. टाकी भरली की ‘भरली’ एवढा एकच शब्द बोलायचं आणि पंप बंद व्हायचा. त्या दिवशी पंपाला कोणी काही सांगितलं नाही. पाणी गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून मजल्यामजल्यावर आलं. डॉक्टरीणबाईंची वाळत घातलेली दवाखान्याची चादर प्रोफेसरांच्या दारात सापडली. प्रोफेसर विजार वर खोचून पाण्यात उभे होते आणि म्हणत होते, "मी थाळीचं तोंड उत्तरेला फिरवायला सांगितलं होतं."

तातडीची बैठक झाली. ठराव झाला, की मालकानं स्वतः संमती दिल्याशिवाय काकांनी कोणाचंही यंत्र काढू नये. सभेत कोणीतरी हळूच हसलं, तेही काकांना ऐकू आलं. ठराव फलकावर लावायचं काम अर्थातच काकांकडे आलं. आपल्याच हातानं, आपल्याच अक्षरात त्यांनी तो लावला आणि खाली सही केली. अंगाचा तिळपापड होत होता, पण अक्षर मात्र त्यांनी नेहमीसारखंच सुबक काढलं.

आणि एवढ्यात काकूंचा लॅपटॉप बिघडला. बॅटरी फुगली म्हणून दुरुस्तीला गेला. दुकानदार आज देतो, उद्या देतो म्हणत राहिला आणि तो परत आला पेपरच्या आदल्या संध्याकाळी. दुरुस्तीच्या गडबडीत कोणाच्या लक्षातही आलं नाही, की दरम्यान आठवडा उलटला होता. पेटीनं नियमाप्रमाणे काकूंचा पत्ता मोकळा केला होता आणि तो मोकळा होताच कोणाच्या तरी माळ्यावरच्या फोननं झडप घातली होती.

पेपर दुपारचा. सकाळभर उजळणी करून पेपरला तासभर उरला तेव्हा काकूंनी लॅपटॉप उघडला. ‘पत्ता मिळवत आहे.’ गोल फिरू लागलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, हे फिरतंय."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "ताईकडे निघायचं का?"

"रस्त्यातच पेपर सुरू होईल."

"मग माझा लॅपटॉप घे! हा घे, माझ्याकडे नेट आहे."

"परीक्षेचं ते सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर नोंदवलंय. फोटो, ओळख, सगळं. दुसऱ्यावर उघडतच नाही." काकूंनी लॅपटॉप काकांकडे वळवला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "तुम्ही शब्द दिला होतात."

त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

काका पायात चपला अडकवून निघाले. ठरावाप्रमाणे संमती हवी, तर संमती आणायची. एका माणसानं एक जुना फोन सोडला की काम भागत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मी दिला असता हो, पण नणंद आजच येतेय." शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, मुलाकडचे आत बसलेत, त्यांचे फोन जोडले गेलेत, आता काढायला सांगू कशी? प्रोफेसरांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"वजनकाटा तरी सोडा, सर."

"सोडला असता. पण मी तो सोडला की तुमच्याआधी दुसराच कोणी तरी पत्ता पळवणार. मग मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. त्यापेक्षा माझ्याकडे सुरक्षित आहे."

पहिल्या मजल्यावर आजोबा एकटे राहत. त्यांनी दार उघडलं, काकांना आत बसवलं. टेबलावर एक फोन चार्जरला लावलेला, पुसून लख्ख केलेला, खाली रुमाल अंथरलेला.

"हा तुमचा जुना का, आजोबा?"

"माझा नाही, मुलाचा. परदेशी जाताना ठेवून गेला. आला की म्हणतो, बाबा, इथे नेट लागत नाही, आणि चार दिवसांत हॉटेलात जाऊन राहतो. मागच्या वेळी तसंच झालं. म्हणून तुमची नोटीस वाचली तसा लगेच जोडून ठेवला." आजोबा हसले. "तुमचे उपकार. नाहीतर मला कुठलं कळतंय?"

"केव्हा येणार आहे तो?"

"तसं काही कळवलं नाही अजून."

काका ज्या कामाला आले होते ते बोललेच नाहीत. पाणी प्यायले आणि उठले.

घरी आले तेव्हा काकू आतल्या खोलीत टेबल पुसून, पेन, कोरे कागद, चष्मा मांडून बसल्या होत्या. लॅपटॉपवर अजून ते गोल फिरत होतं. काकू त्याच्याकडे पाहत नव्हत्या, भिंतीकडे पाहत होत्या. काकांना त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की ती कुठे ठेवावी कळेना.

ते आपल्या पडद्यापाशी बसले. ओळी सरकवता सरकवता आजोबांच्या मुलाचा फोन दिसला. नावही होतं, ‘मुलगा’. वापर शून्य. पुढे ‘काढा’ हे बटण. बोट तिथे गेलं. कोणाला कळलं असतं? आजोबांना तर जन्मात कळलं नसतं. फोन रुमालावर तसाच लख्ख पडून राहिला असता, आणि मुलगा आला असता तर नेट लागत नाही म्हणाला असता, एवढंच. काकांचं बोट बराच वेळ तिथे थबकलं. मग त्यांनी ते उचललं आणि घाईघाईनं ओळी वर सरकवत सुटले, थेट पहिल्या ओळीपर्यंत.

पहिली ओळ त्यांची स्वतःची होती. देखरेख करणाऱ्याचा लॅपटॉप, पत्ता राखीव. राखीव म्हणजे तो त्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला, दुसऱ्या कोणाला पळवता येत नाही असा. साऱ्या इमारतीच्या दारोदार जाऊन एक पत्ता सोडा म्हणून विनवण्या करणारा माणूस दिवसरात्र एक पत्ता अडवून बसला होता, आणि त्याच्यावर करत काय होता? तर किती पत्ते शिल्लक आहेत ते बघत होता. काकांना कानशिलं तापल्यासारखी वाटली.

मालकाची संमती हवी होती. मालकानं संमती दिली.

राखीव ओळीतला आपल्या लॅपटॉपचा क्रमांक खोडून काकूंच्या लॅपटॉपचा घालायचा, एवढंच काम. पण एकदा ते केलं की हा पडदा मेला. पुन्हा आत शिरायला पत्ता नाही, तेव्हा बदल धड झाला की नाही, मध्ये काही बिघडलं का, काही काही दिसणार नाही. काकांनी काकूंच्या लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक वाचला, घातला, पुन्हा वाचला, पुन्हा तपासला. मग डोळे मिटून बटण दाबलं. पडदा जागच्या जागी थिजला. सवयीनं त्यांनी गोल बाण दाबला. ‘पत्ता मिळवत आहे.’

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, लागलं!" आणि मग लगेच, "दार ओढून घ्या. कोणाला येऊ देऊ नका."

काका बाहेर जिन्यावर येऊन बसले, दाराला पाठ लावून. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या समोर बघायला काही नव्हतं. आत काय चाललंय कळत नव्हतं. मीटरच्या खोलीत काय चाललंय कळत नव्हतं. पाय हलत होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला. दोनदा उठून खाली जावं, पेटीवरचे दिवे तरी बघावेत असं वाटलं. दोनदा ते परत बसले. आपण गेलो आणि कोणी बेल वाजवली तर? त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

प्रोफेसर जिना उतरत आले.

"काय हो, आज फलकावर आकडा नाही? किती शिल्लक आहेत?"

"मला माहीत नाही."

प्रोफेसर एक पायरी मागे चढले. "माहीत नाही म्हणजे?"

"नाही माहीत. आणि हळू बोला. आत पेपर चाललाय."

प्रोफेसरांनी तोंड उघडलं, दाराकडे पाहिलं, काकांच्या दाबून धरलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग ते दोन पायऱ्या वर बसले. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई नणंदेसह तक्रार घेऊन आल्या, तेव्हा प्रोफेसरांनीच ओठांवर बोट ठेवलं. नणंद जिन्यात बसून मुकाट्यानं नखं पाहू लागली. काकांना आठवत होतं त्या काळापासून त्या जिन्यात इतकी माणसं इतकी गप्प बसली नव्हती.

ऊन पायऱ्यांवरून सरकत भिंतीवर गेलं. मग कडी वाजली आणि दार उघडलं. काकूंचे केस विस्कटलेले, बोटांना शाई, चष्मा डोक्यावर. काका धडपडून उठले. दुपारभर घशात धरून ठेवलेला प्रश्न एकदम बाहेर पडला.

"मध्ये नेट गेलं का गं? एकदा तरी? जरासं तरी?"

"नेट?" काकूंनी कपाळ आक्रसून आठवून पाहिलं. "कोण जाणे हो. शेवटचं उदाहरण इतकं सुरेख होतं, की तिकडे माझं लक्षच गेलं नाही."